कॉलेजला हवामान कृतीत पुढाकार घ्यायचाय? आधी रात्री दोन वाजताचं मीटर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या व्यवस्थापनाने 'हवामान कृतीत आपली संस्था आघाडीवर राहील' असा ठराव केला आणि पर्यावरण समितीची जबाबदारी तुमच्याकडे आली. समितीसमोर तीन प्रस्ताव आहेत. वृक्षारोपण, छतावर सौर पॅनेल आणि सगळ्यांनी मिळून घ्यायची शपथ. विद्यार्थ्यांना नेट झिरोची, म्हणजे संस्थेचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याची, तारीख जाहीर करून हवी आहे. समितीला ना निधी आहे ना अधिकार. यातलं आधी काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत स्पष्ट सांगते. या तिन्हींतलं काहीही आधी करू नका. मी यंत्र अभियंता आहे आणि गेली सतरा वर्षं एका विद्यापीठाच्या इस्टेट विभागात, म्हणजे इमारती आणि आवार सांभाळणाऱ्या विभागात, ऊर्जेचं काम बघते. एवढ्या वर्षांत समित्यांचं गाडं कुठे अडतं ते बऱ्याचदा पाहिलंय. योजनांची यादी प्रत्येकाकडे असते. संस्था नेमकी कुठे किती जाळते हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि बॉयलर, चिलर (इमारत थंड करणारं मोठं यंत्र), इमारत, गाड्या यांचे निर्णय ज्या टेबलावर होतात तिथे समितीचं माणूस बसलेलं नसतं. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न 'कुठली योजना' हा नाहीच. आपल्याला आकडे कोण देणार आणि खरेदीच्या कागदावर सही होण्याआधी तो आपल्याला कोण दाखवणार, हा आहे.

शपथा आणि जाहीरनामे वाईट नसतात. १९९० साली फ्रान्समधल्या तालुआर इथे वीस-बावीस विद्यापीठांचे प्रमुख जमले आणि त्यांनी पर्यावरणाच्या जबाबदारीचा जाहीरनामा केला. पुढे शेकडो संस्थांनी त्यावर सह्या केल्या. सही केल्यावर ज्यांनी आपल्या जमाखर्चात हात घातला, त्या संस्था पुढे गेल्या. बाकीच्यांचा कागद कपाटात राहिला.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या प्रश्नात ते आलेलं नाही. हॉस्टेल आहे की नाही? प्रयोगशाळा किती? वैद्यकीय किंवा रसायनशास्त्राचा मोठा विभाग आहे का? इमारत स्वतःची की भाड्याची? वर्षभरात उष्णता जास्त लागते की गारवा? तुमच्याकडे येणारी वीज कोळशावर तयार होते की पाण्यावर? फक्त वर्ग आणि ग्रंथालय असलेल्या कला महाविद्यालयात विद्यार्थ्यांची ये-जा हाच उत्सर्जनाचा मोठा वाटा निघू शकतो. संशोधन विद्यापीठात प्रयोगशाळांची हवा खेळती ठेवण्यातच बरीच ऊर्जा जाते. दोघांना एकच सल्ला लागू पडत नाही. मोजायची पद्धत मात्र दोघांची एकच.

मोजणीसाठी नवं काही शोधायला नको. जगभर ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल ही उत्सर्जन मोजायची नियमावली वापरतात, तिची पहिली आवृत्ती २००१ ची आहे. तिच्यात तीन कप्पे आहेत. आपल्या आवारात आपण जाळतो ते पहिल्यात, विकत घेतलेली वीज किंवा वाफ दुसऱ्यात, आणि प्रवास, खरेदी, बांधकाम, कचरा, गुंतवणूक असं बाकीचं सगळं तिसऱ्यात. पहिल्या वर्षी पहिले दोन कप्पे नीट करा. तिसऱ्यातलं सगळं मोजायला गेलात तर दोन वर्षं त्यातच जातील आणि हाती अंदाजच येतील.

हे आकडे एका जागी कधीच नसतात. विजेची बिलं लेखा विभागात असतात. जनरेटरचं डिझेल सुरक्षारक्षकाच्या केबिनमधल्या वहीत लिहिलेलं असतं. गॅसचा हिशेब मेसच्या कंत्राटदाराकडे. एअर कंडिशनरमध्ये किती गॅस भरला ते देखभालीच्या बिलात, तेही बारीक अक्षरात. पहिल्या हिशेबात आमच्याकडून हे शेवटचंच सुटलं होतं. पुढच्या वर्षी एका तंत्रज्ञाने सहज सांगितलं, "त्या सभागृहाच्या युनिटमध्ये आम्ही दर उन्हाळ्यात गॅस भरतो." दर उन्हाळ्यात भरावा लागतो म्हणजे दर वर्षी तेवढाच गळतोय. आर-४१०ए हा एअर कंडिशनरमध्ये सर्रास वापरला जाणारा गॅस, म्हणजे शीतक, शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २,००० पट उष्णता धरतो. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे त्या एका यंत्रातून एक किलो शीतक गळणं आणि साडेसातशे लिटर डिझेल जाळणं जवळपास सारखंच. ती गळती बुजवायला वेल्डिंगचं एका दिवसाचं काम पुरलं. तेव्हापासून देखभाल करणाऱ्या माणसांशी बोलल्याशिवाय मी कुठलाही अहवाल पुरा करत नाही.

आता रात्री दोनच्या मीटरकडे येते. तुमच्या समितीला पैसा न लागता सगळ्यात मोठं काही करता येईल तर ते इथेच, असं मला वाटतं.

कॉलेज बंद असताना वीज किती जाते, हा मी कुठल्याही आवारात विचारते तो पहिला प्रश्न. दुपारी वीज का जाते हे सगळ्यांना सांगता येतं. रात्रीचं उत्तर कुणाकडे नसतं. आमच्याकडे मुख्य पॅनेलवर लॉगर बसवून दर पंधरा मिनिटांचा लोड नोंदवला. आठवड्याभराने आलेख काढला तर रात्री दोनचा लोड दुपारच्या निम्म्याच्या आसपास होता. मग एका रात्री एक इलेक्ट्रिशियन, एक रखवालदार, दोन विद्यार्थिनी आणि मी, असे पाच जण वही घेऊन फिरलो.

रसायनशास्त्राच्या मजल्यावर पोचलो तेव्हा जिन्यातच हवेचा आवाज ऐकू येत होता. आत अकरा फ्यूम हूड होते. त्यातल्या नऊंची समोरची सरकती काच पूर्ण वर केलेली, समोर माणूस नाही, एकात फक्त एक रिकामा बीकर. विषारी वाफा बाहेर फेकणं हे हूडचं काम, पण वाफांबरोबर ते खोलीतली थंड किंवा गरम केलेली हवाही बाहेर फेकतं. तेवढी नवी हवा आत घ्यायची, ती पुन्हा थंड किंवा गरम करायची, आणि हे रात्रभर चालू. ज्या हूडचा पंखा काचेच्या उंचीनुसार वेग बदलतो, तिथे नुसती काच खाली ओढली तरी हा प्रवाह घटतो. हार्वर्डच्या रसायनशास्त्र विभागात याच एका गोष्टीसाठी, काच खाली ठेवण्यासाठी, प्रयोगशाळांच्या स्पर्धा घेतल्या गेल्या. इतक्या मोठ्या विद्यापीठाला यात वेळ घालवावासा वाटला, त्यामागे हेच गणित आहे.

पंख्यांचं एक गणित विद्यार्थ्यांना जरूर करून दाखवा. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्क्यांनी कमी केला की ०.८ चा घन, म्हणजे ०.५१. वीज जवळजवळ निम्म्यावर येते. ज्या खोलीत रात्री कुणी नाही तिथला पंखा पूर्ण बंद करण्याची सुरक्षा विभाग परवानगी देणार नाही, आणि बरोबरच आहे. वेग थोडा उतरवायला मात्र सहसा हरकत नसते, आणि तेवढ्यानेच बराच फरक पडतो.

त्याच रात्री जीवशास्त्राच्या बोळात उणे ८० अंशांचे फ्रीझर दिसले. एकाचं दार बर्फाने नीट बसत नव्हतं. आत खोकी रचलेली, त्यांवरची नावं पुसट झालेली. ज्या संशोधकाची ती होती तो कधीच संस्था सोडून गेला होता. फ्रीझर उणे ७० वर आणला तर अनेक विद्यापीठांच्या मोजमापांनुसार पाव ते एक तृतीयांश वीज वाचते, आणि बऱ्याच नमुन्यांना त्याने धक्का लागत नाही. सगळ्याच नमुन्यांना नाही. म्हणून हा निर्णय इस्टेट विभागाने परस्पर घ्यायचा नसतो, संशोधकांना विचारून घ्यायचा असतो.

न विचारता केल्याचा धडा मला मिळालेला आहे. सुरुवातीच्या काळात आम्ही परीक्षेच्या दालनांत हालचाल ओळखून दिवे लावणारे सेन्सर बसवले. परीक्षेत मुलं हलत नाहीत. वीस मिनिटांनी दिवे गेले, पेपर लिहिणाऱ्या दोनशे मुलांवर अंधार. चूक माझी होती. त्या खोलीत बसणाऱ्या कुणालाही मी आधी काही विचारलं नव्हतं. सेन्सर काढावे लागले, आणि पुढची दोन वर्षं शिक्षक माझ्या प्रत्येक प्रस्तावाकडे संशयाने बघत राहिले. वीज वाया गेली ती वेगळीच, विश्वास गेला तो परत मिळवायला जास्त दिवस लागले.

हे एवढं सविस्तर लिहिलं त्याला कारण आहे. सौर पॅनेल किती घ्यायचे हे आधी वापर उतरल्याशिवाय ठरवताच येत नाही. आजच्या उधळपट्टीच्या मापाने यंत्रणा घेतलीत तर उधळपट्टीच कायम होते. शिवाय पॅनेल वीस-पंचवीस वर्षं राहणार. छताचं वॉटरप्रूफिंग पाच वर्षांत करायचं असेल तर ते आधी करा, नाहीतर सगळं उतरवून पुन्हा चढवावं लागतं. झाडं अवश्य लावा. सावलीसाठी, पाणी जिरण्यासाठी, पक्ष्यांसाठी. पण त्यांची संख्या जनरेटरच्या डिझेलमधून वजा करू नका. रोप जगेल का, किती वर्षं जगेल हे आपल्याला माहीत नसतं. जाळलेलं डिझेल मात्र आजच हवेत गेलेलं असतं.

आता मोठ्या यंत्रांबद्दल. बॉयलर, चिलर, जनरेटर एकदा बसवले की वीस वर्षं हलत नाहीत. म्हणून संस्थेचं पुढच्या वीस वर्षांचं उत्सर्जन यंत्र बदलण्याच्या त्या एका महिन्यात ठरतं. अमेरिकेतल्या बॉल स्टेट विद्यापीठाचे कोळशाचे जुने बॉयलर बदलायला आले होते. त्यांनी नवे बॉयलर घ्यायचे सोडून २००९ मध्ये जमिनीत हजारो विंधन छिद्रं पाडायला घेतली आणि टप्प्याटप्प्याने सगळ्या आवाराची उष्णता आणि गारवा जमिनीतून घेणारी यंत्रणा उभी केली. स्टॅनफर्डने २०१५ मध्ये गॅसवरचं जुनं वीज-वाफ केंद्र बंद केलं. इमारती थंड करताना जी उष्णता बाहेर फेकली जायची, तीच पकडून दुसऱ्या इमारतींना पुरवायला सुरुवात केली, आणि त्यासाठी वाफेच्या नळांऐवजी गरम पाण्याचे नळ टाकले. एवढा खर्च तुम्हाला झेपेल असं मी म्हणत नाही. घेण्यासारखी गोष्ट आहे ती वेळ साधण्याची. ऐन उन्हाळ्यात चिलर बंद पडला की आठवड्यात जो मिळेल तो आणला जातो. तिथे समितीचं मत कुणी विचारत नाही, विचारायला वेळच नसतो. म्हणून प्रत्येक मोठ्या यंत्राचं वय लिहिलेली यादी आजच करा, आणि जे पुढच्या पाच वर्षांत जाणार आहे त्याच्या जागी काय येणार ते आत्ता ठरवा.

विद्यार्थ्यांच्या नेट झिरोच्या तारखेबद्दल मला सहानुभूती आहे. तारीख नसेल तर कामाला धार येत नाही. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची तर २०३० पर्यंत जगाचं उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत सुमारे ४३ टक्क्यांनी कमी व्हायला हवं, हे आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक शास्त्रीय मंडळाने स्पष्ट सांगितलंय. तेव्हा त्यांची घाई रास्त आहे. पण त्या शब्दाखाली काय काय येतं ते त्यांच्यासोबत बसून बघा. अमेरिकेतल्या कॉलेज ऑफ द अटलांटिकने २००७ मध्येच स्वतःला कार्बन न्यूट्रल जाहीर केलं, त्यात बाहेरून विकत घेतलेल्या ऑफसेटचा, म्हणजे दुसरीकडे झालेली घट पैसे देऊन आपल्या हिशेबात धरण्याचा, वाटा होता. मिडलबरी कॉलेजने २०१६ मध्ये हाच टप्पा गाठला. त्यांच्याकडे लाकडावर चालणारा प्लांट आहे, आणि स्वतःच्या मालकीच्या जंगलाने धरलेला कार्बनही हिशेबात आहे. लाकूड जाळल्यावर चिमणीतून कार्बन डायऑक्साइड निघतोच. जंगल पुन्हा वाढेल या भरवशावर तो शून्य धरला जातो. त्यांनी हे उघडपणे मांडलं आणि पुढे ऊर्जेचा वापर कमी करण्याचं वेगळं लक्ष्यही घेतलं, हे मला आवडतं. माझा आग्रह एवढाच की आपण प्रत्यक्षात किती कमी केलं आणि विकत घेऊन किती वजा दाखवलं, हे दोन आकडे दोन वेगळ्या ओळींत लिहा. ते कधीही एकत्र करू नका.

तिसऱ्या कप्प्यातल्या दोनच गोष्टी सांगते. संशोधन विद्यापीठात विमानप्रवास मोठा असतो, आणि तो थोड्याच माणसांचा असतो. तिथे सरसकट बंदीपेक्षा विभागवार आकडे दाखवणं जास्त चालतं. दुसरी गोष्ट गुंतवणूक. संस्थेचा निधी कोळसा-तेल कंपन्यांत असेल तर तो काढून घेण्याची मागणी योग्यच आहे. अमेरिकेतल्या युनिटी कॉलेजने ते २०१२ मध्ये जाहीर केलं, ग्लासगो विद्यापीठाने २०१४ मध्ये, आणि हार्वर्डला तिथपर्यंत यायला विद्यार्थ्यांच्या जवळपास दहा वर्षांच्या चळवळीनंतर २०२१ उजाडलं. निधी काढल्याने आवारातला बॉयलर बंद होत नाही, तेव्हा एकाच्या बदल्यात दुसरं सोडू नका.

निधी नाही म्हणालात. यावर जे चालताना पाहिलंय ते फिरता निधी. संस्थेकडून एकदाच छोटी रक्कम मागा, बिनव्याजी कर्ज म्हणून. त्यातून गळती, पंख्यांचे वेग-नियंत्रक, दिवे असं लवकर वसूल होणारं काम करा, आणि बिलात वाचलेला पैसा लेखा विभागाने परत त्याच निधीत जमा करायचा. ही शेवटची अट लेखी घ्या. आमच्याकडे पहिल्या वर्षी ती लेखी नव्हती. बचत झाली आणि सर्वसाधारण खात्यात विरून गेली, दुसऱ्या वर्षी हातात काहीच नव्हतं.

याच्याच जोडीची दुसरी अडचण म्हणजे बिल भरणारा वेगळा आणि वीज वापरणारा वेगळा. विभागप्रमुखाला स्वतःचं बिल कधी दिसतच नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने २०१५ च्या अखेरीस वीस इमारतींवर एक प्रयोग केला. एक टन कार्बन डायऑक्साइडला ४० डॉलर असा अंतर्गत आकार लावला, आणि २०१७ मध्ये तो सगळ्या विद्यापीठात नेला. सरासरीपेक्षा जास्त घट करणाऱ्या विभागाला पैसे परत मिळायचे, मागे राहणाऱ्याच्या खात्यातून जायचे. तुम्हाला पहिल्याच वर्षी पैसे लावायची गरज नाही. दर महिन्याला प्रत्येक विभागप्रमुखाला त्याच्या इमारतीचा आकडा आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा पाठवा. मी तेवढंच केलं होतं आणि तिसऱ्या महिन्यात फोन यायला लागले, "आमचा एवढा कसा?"

शिकवण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण कॉलेज इतर कुठल्याही कार्यालयापेक्षा पुढे जाऊ शकतं ते इथेच. बार्सिलोना विद्यापीठाने २०२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या ठिय्या आंदोलनानंतर हवामान संकटावरचा अभ्यासक्रम सगळ्यांना सक्तीचा करायचं मान्य केलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो आवारात २०२४ पासून प्रवेश घेणाऱ्या पदवी विद्यार्थ्यांना हवामानविषयक एक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. नवा अभ्यासक्रम मंजूर व्हायला वेळ लागतो, आपल्याच आवाराचे आकडे वर्गात न्यायला मंजुरी लागत नाही. संख्याशास्त्राच्या वर्गाला तापमान आणि वीज यांचा संबंध काढू द्या. वाणिज्यच्या मुलांना दोन चिलरचा वीस वर्षांचा खर्च मांडू द्या. भाषेच्या विद्यार्थ्यांनी वार्षिक अहवाल कुणालाही वाचता येईल अशा शब्दांत लिहावा. हे काम खरं आहे, आणि त्यांच्या उत्तरावर संस्था खरंच काहीतरी विकत घेणार आहे हे कळलं की मुलं जीव ओतून करतात.

यात एक धोका मात्र आहे. उत्साही विद्यार्थी पास होऊन जातात आणि आकड्यांची मालिका तुटते. शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी सॅन डिएगोमधल्याच स्क्रिप्स या समुद्रशास्त्र संस्थेतर्फे १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा तो दशलक्षात सुमारे ३१५ भाग होता, आता ४२० च्या पुढे गेलाय. त्या प्रसिद्ध आलेखात १९६४ मध्ये काही महिन्यांची फट आहे, कारण निधी कापला गेला होता. एवढ्या मोलाच्या नोंदीचं हे झालं, तर आपली वही किती सहज बंद पडेल. म्हणून नोंदीची जबाबदारी पगारी कर्मचाऱ्याच्या कामाच्या यादीत लिहून घ्या. विद्यार्थ्यांनी विश्लेषण करावं, प्रश्न विचारावेत, इमारत समितीत मताच्या अधिकारासह बसावं. मीटर वाचणं त्यांच्या हौसेवर सोडू नका.

आणि अहवाल जाहीर करा, ज्या वर्षी आकडा वाढला त्या वर्षीचासुद्धा. वाढ का झाली ते लिहा. नवी प्रयोगशाळा उघडली, उन्हाळा कडक गेला, जे असेल ते. तुमच्यासारख्या दुसऱ्या कॉलेजला यशोगाथेपेक्षा याचा उपयोग जास्त होतो. आमच्या सेन्सरच्या फजितीचं पान वाचून तीन संस्थांनी मला फोन केला होता, आणि त्यांनी परीक्षेची दालनं वगळूनच काम केलं.

तेव्हा येत्या बैठकीत ठरावाऐवजी तीन गोष्टी मागा. मागच्या ३६ महिन्यांची वीज, इंधन आणि शीतकाची बिलं. सगळ्या मोठ्या यंत्रांची वयासकट यादी. आणि ठरावीक रकमेवरची कुठलीही यंत्रखरेदी किंवा बांधकाम सहीला जाण्याआधी दोन आठवडे समितीला दाखवण्याची लेखी मुभा. पहिल्या दोन लगेच मिळतील. तिसरीला विरोध होईल, ती लावून धरा.

बिलं हाती यायची वाट न बघता एका कामाच्या दिवशी आणि एका सुट्टीच्या दिवशी, दुपारी दोन आणि रात्री दोन, असं चार वेळा मुख्य मीटर वाचून घ्या. सोबत इलेक्ट्रिशियनला न्या, पॅनेल एकट्याने उघडू नका. ते चार आकडे आणि वर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं कळवलीत तर तुमच्या आवारात पहिला हात कुठे घालायचा ते मी जास्त नेमकं सांगू शकेन.